भाचीची प्रश्नावली

दिवाळीत घरी येणारी पाहुणे मंडळी फराळाइतकीच आणखी एका गोष्टीची वाट पाहत असतात, ती म्हणजे घरातल्या मुलांची चौकशी. चकलीचा पहिला तुकडा मोडता मोडता "मग, पोरगी काय करते?" हा प्रश्न येतोच. त्याला "इंजिनिअरिंगला आहे" किंवा "बँकेत लागली" एवढे उत्तर पुरते. चकली संपते, पाहुणे चिवड्याकडे वळतात आणि सगळ्यांची सुटका होते. पण आमच्या आक्काच्या घरी गेली दोन वर्षे हा प्रश्न आला, की आक्का लगबगीने स्वयंपाकघरात जाते, दाजी चष्मा पुसू लागतात आणि उत्तर द्यायची पाळी माझ्यावर येते. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. अवघड गोष्ट सोप्या शब्दांत सांगणे हा माझा धंदाच आहे, असा दाजींचा समज आहे. माझ्या विद्यार्थ्यांचे मत निराळे असावे.

भाची दातांची डॉक्टर झाली. बी.डी.एस.चा निकाल लागला त्याच आठवड्यात दाजींनी राजारामपुरीत एक गाळा भाड्याने घेऊन टाकला. पाटीवर नाव मराठीत लिहावे की इंग्रजीत, एवढाच वाद उरला होता. त्यात मी हिरिरीने भाग घेतला आणि मराठीच्या बाजूने निकालही लावून घेतला. आणि मग एके दिवशी भाचीने जाहीर केले, की तिला दवाखाना घालायचा नाही. मुंबईला जाऊन सार्वजनिक आरोग्य आणि सामाजिक धोरण यांचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करायचा आहे.

"म्हणजे महानगरपालिकेत डास मारायची नोकरी?" दाजी म्हणाले.

"डास कोण मारणार, कुणाच्या पैशानं मारणार आणि मारल्यावर ताप खरंच कमी झाला का, हे बघायचं," ती म्हणाली.

दाजींना हे उत्तर उद्धटपणाचे वाटले. मला ते व्याख्या म्हणून उत्तम वाटले. पण त्या वेळी मी गप्प बसलो.

तिचे हे खूळ कुठून निघाले तेही सांगतो. शिकाऊ डॉक्टर असताना तिला खेड्यांतल्या दंतशिबिरांना पाठवीत. तिथे रोज बायकांची रांग. तिशीच्या बायका, पण दातांच्या मुळाशी काळे पट्टे, हिरड्या सुजलेल्या. कारण एकच, मिश्री. तंबाखू भाजून केलेली ती पूड आपल्याकडे कितीतरी घरांत चुलीशेजारी डबीत असते आणि पहाटे ती लावल्याशिवाय बाईच्या कामाला सुरुवात होत नाही. "मामा, मी दिवसाला दहा दात काढते. पण डबी तशीच चुलीजवळ राहते. तिची सून तीच डबी उघडते. मी काय करत्येय नक्की?" असे तिने मला विचारले होते. मी तिला काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. कवितेत ज्याला अंतर्मुखता म्हणतात ती घरातल्या मुलीला झाली की माणूस घाबरतो.

दाजींचा दुसरा आक्षेप असा होता, की समाजाचे कल्याणच करायचे असेल तर त्याची शाळा इथे सायबर चौकात आहे, रिक्षाने जाता येते, मुंबई कशाला? आणि मुळात ही सगळी विलायती थेरे, कोल्हापूरच्या माणसाचा त्यांच्याशी संबंध काय? इथे मात्र मला तोंड उघडणे भाग पडले. कारण ज्या गावात १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना महिना एक रुपया दंड ठेवला, त्या गावच्या माणसाने सामाजिक धोरण म्हणजे काय असे विचारावे याला काय म्हणावे! त्या काळी रुपया म्हणजे रुपया होता. दंड बसवणारा राजा, तो चुकवू पाहणारा बाप आणि शाळेत बसलेला पोरगा, या तिघांचा हिशेब म्हणजेच सामाजिक धोरण. पुस्तकी व्याख्या याहून फार लांब जात नाही.

विलायतेचे म्हणाल तर तिथेही गंमत आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गरिबीचा शास्त्रीय अभ्यास व्हावा म्हणून १९१२ साली ज्यांनी देणगी दिली ते सर रतन टाटा, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. विलायतेतली गरिबी मुंबईच्या पैशाने अभ्यासली गेली. त्या विभागात काही काळ शिकवणारे क्लेमंट ॲटली पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १९४८ च्या जुलैत, तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. थोरले बंधू सर दोराबजी, त्यांच्या नावच्या विश्वस्त निधीतून १९३६ साली मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत समाजकार्याची शाळा निघाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली आणि देवनारला गेली. भाचीला प्रवेश मिळाला तो तिथे. दाजींना मी हे सगळे सांगितले. ते म्हणाले, "टाटांचं ठीक आहे. त्यांना गाळ्याचं भाडं भरायचं नव्हतं."

तर ती गेली. पहिल्या सुट्टीत परत आली ती पुस्तकांची पिशवी घेऊन. मी ती चाळून पाहिली. साथरोगशास्त्र, सांख्यिकी, आरोग्याचे अर्थशास्त्र, संशोधनातली नीती असे विषय. तिच्या वर्गात डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत आणि ज्यांनी आयुष्यात स्टेथोस्कोप कानाला लावला नाही असे समाजशास्त्राचे पदवीधरही आहेत. सगळ्यांना पहिला धडा एकच, मोजायला शिका. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकी पसरली तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने कोणत्या घरात किती माणसे गेली याच्या खुणा नकाशावर केल्या. त्या एका पंपाभोवती दाटल्या होत्या. पंपाचा दांडा काढायला लावणारा हा माणूस त्या विद्येचा आद्यपुरुष. ही गोष्ट लंडनची म्हणून ऐकायला बरी वाटते. पण २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा आपणही पाणी उकळून पीत होतो आणि पंचगंगेला नावे ठेवीत होतो. पाणी कुठून येते, नळाची आणि गटाराची गाठ कुठे पडते, हे घरोघर फिरून शोधणारी माणसे लागतात. औषध देणारे डॉक्टर साथ संपली की घरी जातात. या लोकांचे काम तेव्हा सुरू होते.

आणि मोजण्याचा आपल्या जिल्ह्याशी असलेला संबंध तर सांगायलाही जड जातो. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या ८३९. अंबाबाईच्या जिल्ह्यात! गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांआधी केला होता. तरी हा आकडा. पुढे लक्ष्मीकांत देशमुख इथे जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफीच्या यंत्रांना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे एक उपकरण जोडण्याचा प्रयोग झाला. देशमुख कथाकारही असल्यामुळे या विषयावर त्यांचा कथासंग्रह आला. तो आमच्या वर्गात चर्चेला असतो. मुलांना कथा कळतात. पण एखादा विद्यार्थी वर्गात उभा राहून "सर, ८३९ म्हणजे आमच्या गल्लीत किती?" असे विचारतो, तेव्हा वर्ग जितका शांत होतो तितका कथेने होत नाही, हे मराठीच्या प्राध्यापकाला कबूल करावे लागते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सदर लिहायला घेतले ती सांगतो.

गेल्या मे महिन्यात भाची सुट्टीला आमच्याकडे राहायला आली. तिला प्रश्नावली भरण्याचा सराव करायचा होता. देशभर जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते, ती करणारी लोकसंख्या विज्ञान संस्था तिच्या शेजारीच, देवनारला आहे. त्या पाहणीत बाईला तिच्या सगळ्या बाळंतपणांचा इतिहास क्रमाने विचारतात. दोन दिवसांत तिने माझ्या बायकोला, मोलकरणीला आणि शेजारच्या काकूंना प्रश्न विचारून घेतले. मग माझ्या आईची पाळी आली. खरे तर ती पाहणी पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांची. आमची आई पंच्याहत्तरीची. म्हणजे तिला विचारण्याचे सरकारला काहीच कारण नव्हते.

दुपारची वेळ होती. आई शेंगा फोडत बसली होती. दाजी आणि आक्काही आले होते. मी पेपर वाचत होतो.

"आजी, तुला काही प्रश्न विचारू का? उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नको. मध्येच नको वाटलं तर थांब म्हण."

हे वाक्य त्यांना पाठ करायला लावतात. आईला हसू आले. "विचार की. मला कोण काय विचारतंय?"

"तुला एकूण किती बाळं झाली?"

"चार," मी पेपरातून डोके न काढता म्हणालो.

"मामा, प्रश्न तुम्हाला नाही."

आई शेंगा फोडत राहिली. दोनतीन शेंगा झाल्यावर म्हणाली, "सहा."

आक्काने मान वर केली. आक्का आमच्या घरातली थोरली. पन्नास वर्षे ती थोरलेपणाने वागली, आम्हाला रागावली, आमच्यासाठी खस्ता खाल्ल्या. आणि आज कळत होते की ती दुसरी. भाची मात्र शिकवल्याप्रमाणे पुढचा प्रश्न विचारीत गेली. पहिले बाळ मुलगा की मुलगी? जन्मल्यावर रडले का? दूध प्याले का? किती दिवसांचे असताना गेले? त्याआधी काय झाले? माणूस गेल्यावर, कधी कधी बऱ्याच वर्षांनी, घरच्यांना असे प्रश्न विचारून मरणाचे कारण ठरवण्याची एक पद्धत आहे, हे मला नंतर समजले.

"पोरगी हुती. चांगली हुती अंगानं. रडली, दूध प्याली. पाचवी पुजली आन् दुसऱ्या दिशी सकाळी तोंडच उघडंना. दूध घिईना. जरा आवाज झाला की अंग असं कमानीवानी व्हायचं. आठव्या दिशी गेली. सटवीनं नेलं म्हणाले."

"नाळ कशानं कापली होती, आजी?"

"विळ्यानं. दुसरं काय असतंय घरात? वर राख लावली चुलीतली."

भाचीने पेन्सिल खाली ठेवली. प्रश्न विचारणाऱ्याने मध्येच शिकवू नये, असा त्यांचा नियम आहे म्हणे.

पण आई थांबली नव्हती. "माझंच चुकलं हुतं. न्हाऊन वल्ल्या केसानं मी दारात गेले. सासूबाई म्हणाल्या, तवाच बाहेरचं लागलं लेकराला."

हे तिने काही सांगायचे म्हणून सांगितले नाही. आपल्या गावाचे नाव सांगावे तसे सांगितले. पन्नास वर्षांहून अधिक काळ ती हे बरोबर घेऊन आमच्यात वावरत होती. आमची पोटे भरत होती, परीक्षेला जाताना हातावर दही देत होती. आमच्या वडिलांना ठाऊक होते. पण ते जाऊनही आता नऊ वर्षे झाली.

भाचीने नियम मोडला. "आजी, ऐक. तो धनुर्वात होता. विळ्यावरून किंवा राखेतून नाळेत जातो. लक्षणं अगदी हीच. ओल्या केसांशी, दाराशी काही संबंध नाही. पोटुशी असताना तुला दोन इंजेक्शनं मिळाली असती आणि पातं उकळून घेतलं असतं, तर बाळ वाचलं असतं. ती द्यायला कुणी आलं नाही, त्यात तुझं काय चुकलं?"

आईने तिच्याकडे बघितले आणि विचारले, "नक्की?"

"नक्की."

नवजात बालकांचा धनुर्वात आपल्या देशात २०१५ साली निर्मूलन झालेल्या रोगांत गणला गेला. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकापेक्षा कमी. ही बातमी पेपरात आली असेल तेव्हा आम्ही ती वाचलीही नसेल.

दुसऱ्या बाळाचे तिने थोडक्यात सांगितले. तो माझ्या आधीचा, मुलगा. दिवस भरायच्या आत झाला, थंडीत, मुठीएवढा. दुसऱ्या दिवशी गार पडला. त्याबद्दल तिने स्वतःला दोष दिलेला नव्हता. थंडीला कोण काय करणार?

थंडीलाही काही करता येते, हे दाखवून देणारे लोक महाराष्ट्रातच आहेत, आणि त्यांनी शिक्षण घेतले ते याच विषयाचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दोघे चांगले शिकलेले डॉक्टर. पण रोग्यावर उपचार करणे आणि गावाचे आरोग्य सुधारणे या दोन वेगळ्या विद्या आहेत असे ओळखून ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि १९८४ साली सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन परतले. त्यांच्याही आधी डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे त्याच विद्यापीठातून शिकून आले होते आणि १९७० साली जामखेडच्या दुष्काळी मुलखात बसले होते. गावातल्या अल्पशिक्षित बायकांच्या हाती त्यांनी गावाचे आरोग्य सोपवले. त्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बंग दांपत्य गडचिरोलीला गेले.

तिथे त्यांनी काय केले? आधी मोजले. किती मुले जन्मतात, किती जातात, कोणत्या दिवशी जातात. न्यूमोनियाने मुले जात, तर दर मिनिटाला श्वास किती हे मोजता आले की निदान होते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त असेल तर धोका. पण साठपर्यंत मोजता न येणाऱ्या सुईणीने काय करावे? त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या तारा असलेले एक साधे यंत्र केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापाशी पोचलो तर औषध सुरू. मराठीत लिहिलेली कितीतरी रूपके मी शिकवली आहेत, पण त्या लाल मण्याइतके नेमके मला आठवत नाही.

पुढे ३९ गावांतल्या बायकांना शिकवून त्यांनी आरोग्यदूत केले. बाळ जन्मले की वजन करायचे, उबदार गुंडाळायचे, श्वास अडला तर मोकळा करायचा, जंतुदोष ओळखून सुई टोचायची. डॉक्टर नाही, काचेची पेटी नाही, झोपडीतच सगळे. त्या गावांत जन्मापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत जाणारी बाळे हजारी ६२ होती. तिसऱ्या वर्षी ती २५ च्या आसपास आली. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. आणि २००१ साली महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवर जो अहवाल निघाला त्यात दिसले, की सरकारी वहीत नोंद न झालेले मृत्यूच भरमसाट आहेत. त्या अहवालाचे नाव 'कोवळी पानगळ'. आकड्यांच्या अहवालाला असे नाव देणाऱ्यांना माझा नमस्कार. २०११ पासून देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी सहा-सात वेळा जाऊन बाळ तपासतात, ती पद्धत या झोपड्यांतून निघालेली आहे.

इथे कुणी म्हणेल, हे थोर लोक झाले. सामान्य मुलीने यात पडून पोट भरायचे कसे? प्रश्न चुकीचा नाही आणि भाचीनेही तो टाळलेला नाही. या क्षेत्रातल्या पुष्कळ सरकारी नेमणुका कंत्राटावरच्या असतात. संस्थांची कामे प्रकल्प संपला की संपतात. दातांचा दवाखाना चालला तर तिच्या पगाराच्या दुप्पट पैसे देईल, हे दाजींचे गणित बरोबर आहे. गंमत अशी, की या विद्येची गरज आपल्या सरकारला फार पूर्वी सांगितली गेली होती. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ सालीच लिहून ठेवले, की चाळीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवे आणि प्रत्येक डॉक्टरला तीन महिने तरी समाजाचा वैद्य होण्याचे शिक्षण हवे. केंद्रे निघाली. समाजाच्या वैद्याला कायमची नोकरी देण्याचे मात्र अजून मनावर घेतलेले दिसत नाही.

त्या दुपारी दाजी काही बोलले नाहीत. चहा झाला. आई उठून आत गेली आणि थोड्या वेळाने परत येऊन भाचीच्या शेजारी बसली.

"त्या कागदावर लेकराचं नाव काय लिवलंस?"

"बाळ लिहिलंय, आजी. नाव ठेवलं नसेल तर तसंच लिहायचं असतं."

"बारशाच्या आधी गेली, म्हणून ठिवलं न्हाई. पण म्या ठरवलं हुतं."

तिने नाव सांगितले. ते आक्काचेच नाव होते.

भाचीने 'बाळ' खोडून ते लिहिले. आक्का काही न बोलता शेंगांची टरफले गोळा करून अंगणात टाकून आली.

भाचीचे आता दुसरे वर्ष चालू आहे. प्रबंधाला तिने मिश्रीच घेतली आहे, आणि त्यासाठी ती आमच्याच जिल्ह्यातल्या काही गावांत फिरणार आहे. आईने तिला बजावले आहे, की बायकांना विचारायचे तर दुपारी जा, पहाटे कुणी बोलायचे नाही. या सत्राची फी दाजींनी परवा भरली. राजारामपुरीतला गाळा मात्र त्यांनी अजून सोडलेला नाही. तिथे सध्या एक मुलगा आकाशकंदील विकतो आणि संध्याकाळी दाजी त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसतात.